चुंबक तरंगलं, पुढे काय? एका काळ्या वडीवर अतिसंवाहकाचे पाच प्रयोग

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न मी दरवर्षी हमखास विचारतो. "चुंबक तरंगलं, ते कशामुळे?" उत्तर ठरलेलं असतं: "सर, माइसनर परिणाम." मग मी चिमट्याने ते तरंगतं चुंबक धरून वर उचलतो. त्याच्याखाली चार मिलिमीटर मोकळी हवा सोडून काळी वडीही वर येते. "आणि हे?" इथे सगळे गप्प. चुंबकाला दूर ढकलणारी वस्तू त्याच चुंबकाला लटकून वर येते, आणि जर्नलमध्ये मात्र दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली लिहिलेल्या असतात.

हा लेख त्या शांततेसाठी आहे. द्रव नायट्रोजन आणि वायबीसीओची एक वडी, म्हणजे इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची, एवढ्यावर अतिसंवाहक (पुरेसा थंड केल्यावर विजेला रोध न करणारा पदार्थ) तापमानाला, चुंबकीय क्षेत्राला आणि विद्युतधारेला कसा प्रतिसाद देतो ते बीएस्सी किंवा एमएस्सीच्या प्रयोगशाळेत नीट मोजता येतं.

प्रयोगाआधी एवढं पक्कं हवं

८ एप्रिल १९११ला लायडनमध्ये हाइके कामरलिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनच्या आसपास एकदम नाहीसा झाला. पुढची बावीस वर्षं अतिसंवाहक म्हणजे 'आदर्श वाहक' एवढाच समज होता. १९३३ मध्ये बर्लिनला माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी तो मोडला. नुसता आदर्श वाहक चुंबकीय क्षेत्रात ठेवूनच थंड केला, तर आतलं क्षेत्र आहे तसंच राहायला हवं, कारण क्षेत्र बदललेलंच नाही, मग धारा निर्माण होणार कशी? अतिसंवाहक मात्र क्रांतिक तापमानाखाली, म्हणजे ज्याखाली रोध नाहीसा होतो त्या तापमानाखाली, येताच आतलं क्षेत्र आपणहून बाहेर काढतो. हाच माइसनर परिणाम. शून्य रोध आणि क्षेत्राची हकालपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत हा फरक सांगितलात तर अर्धे गुण मी तिथेच देतो.

हकालपट्टी अगदी पृष्ठभागापासून होत नाही. क्षेत्र थोडं आत शिरतं आणि विझत जातं. ही खोली शिशासाठी साधारण ४० नॅनोमीटर आणि वायबीसीओच्या तांबे-ऑक्सिजन थरांत सुमारे १५० नॅनोमीटर असते. तापमान क्रांतिक बिंदूकडे सरकलं की ती वाढत जाते.

शिसं, पारा, कथील यांसारखे पहिल्या प्रकारचे अतिसंवाहक एका ठरावीक क्षेत्रापर्यंत तग धरतात, मग एकदम हार मानतात. शिशाचं क्रांतिक तापमान ७.२ केल्विन, शून्य केल्विनजवळचं क्रांतिक क्षेत्र सुमारे ८० मिलिटेस्ला. मधल्या तापमानाला हे क्षेत्र किती, हे काढायचा नियम सोपा आहे: तापमानाला क्रांतिक तापमानाने भागा, वर्ग करा, तो १ मधून वजा करा, आणि उरलेल्याने ८० ला गुणा. द्रव हीलियममध्ये, ४.२ केल्विनला, उत्तर येतं सुमारे ५३ मिलिटेस्ला. बाजारातलं निओडायमियम चुंबक जवळ नेलं तरी एवढं क्षेत्र सहज मिळतं. ओन्नेस यांचं शिशाच्या तारेतून बलाढ्य विद्युतचुंबक बनवण्याचं स्वप्न इथेच अडलं.

आपली वडी दुसऱ्या प्रकारची आहे. ती एका खालच्या मर्यादेपर्यंत क्षेत्र बाहेर ठेवते. त्यापुढे ते बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत येऊ देते. प्रत्येक भोवऱ्याच्या गाभ्यात साधा, अतिसंवाहक नसलेला पदार्थ, आणि त्याभोवती गोल फिरणारी धारा. प्रत्येक भोवरा नेमका तेवढाच चुंबकीय प्रवाह वाहून नेतो: २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात, वेबरमध्ये. क्षेत्र ०.१ टेस्ला असेल तर एका चौरस मायक्रोमीटरमधून सुमारे ४८ भोवरे जातात. हे भोवरे पदार्थातल्या दोषांत, खाचांत, अशुद्धींत अडकून बसतात. आपण त्यांना 'खिळलेले' म्हणू. पुढचे पाचही प्रयोग मुळात याच भोवऱ्यांची चौकशी आहे: ते खिळले आहेत, सैल झाले आहेत, की ढकलले जात आहेत?

सामान

वडी तयार विकत घेतलेली बरी. घरचीच करायची हौस असेल तर दहा ग्रॅमसाठी इट्रियम ऑक्साइड १.६९५ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२४ ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड ३.५८२ ग्रॅम. खलात बारीक घोटायचं, ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला भाजायचं, पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं, वडी दाबायची, ऑक्सिजनच्या प्रवाहात तापवून अगदी सावकाश थंड करायची. ४०० ते ५०० अंशांच्या टप्प्यात घाई केली की वडीत ऑक्सिजन पुरेसा शिरत नाही, आणि मग ती नुसतीच काळी वडी राहते. बेरियम कार्बोनेट विषारी आहे. मास्क आणि हातमोज्यांशिवाय डबी उघडू नका. आमची पहिली वडी हिरवट निघाली होती. हिरवा रंग दिसला की समजायचं, चुकीची संयुगं झाली, वडी बाद.

याखेरीज: लहान निओडायमियम चुंबकं (एक गोल चकती आणि एक चौकोनी), प्लॅटिनमचा पीटी-१०० तापमान संवेदक, ५० मिलिअँपिअर स्थिर देणारा करंट सोर्स (चौथ्या प्रयोगासाठी काही अँपिअर देणारा), एक मायक्रोव्होल्टपर्यंत वाचणारा मीटर, चांदीची पेस्ट, बारीक एनॅमल्ड तार, हायलमची (वीज न वाहणाऱ्या कडक लॅमिनेटची) पट्टी, स्टीलचा उभा थर्मास आणि थर्मोकोलची वाटी.

नायट्रोजन शहरात गॅस विक्रेत्यांकडे मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी आधी चौकशी करायची ती दूध संघात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या ॲल्युमिनियमच्या गोल भांड्यात ठेवतात त्यात हाच द्रव असतो. त्यांचा पुरवठादार कोण, एवढं विचारलं तरी काम होतं.

नायट्रोजन हाताळताना

एक लिटर द्रवाचे खोलीच्या तापमानाला सुमारे सातशे लिटर वायू होतात. म्हणून भांड्याचं झाकण कधीही घट्ट बसवायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि भरलेलं भांडं लिफ्टमधून नेताना सोबत माणूस नको. चष्मा हवाच. हातमोजे सैल आणि चामड्याचे हवेत. सुती हातमोजा द्रव शोषून बोटांना चिकटतो, त्यापेक्षा उघडा हात परवडला. पँट बुटांच्या बाहेर ठेवा, आत खोचू नका. उघड्या भांड्यात बराच वेळ राहिलेल्या द्रवाला निळसर छटा आली, तर हवेतला ऑक्सिजन त्यात उतरला आहे. तो ९० केल्विनलाच द्रव होतो. तेल, कापूस, कागद त्यापासून दूर.

पहिला प्रयोग: दोन तऱ्हेने थंड करणं

हा सर्वात स्वस्त प्रयोग, आणि सर्वात घाईत उरकला जाणाराही. याला एक अख्खं प्रॅक्टिकल द्या.

१. चुंबक दूर ठेवून वडी थर्मोकोलच्या वाटीत नायट्रोजनने थंड करा. द्रव आधी कुरकुरत उकळतो, शेवटी एकदम जोरात खळखळतो आणि मग शांत होतो. शेवटची ती खळखळ म्हणजे वडीभोवतीचा वाफेचा पदर फुटून द्रव तिला थेट भिडला. त्याआधी वडी थंड झाली असं समजू नका.

२. आता चिमट्यात चुंबक धरून वरून सावकाश खाली आणा. रेटा बोटांना जाणवेल. सोडा, ते काही मिलिमीटर वर तरंगेल. मग लाकडी काडीने खाली जोरात दाबून पुन्हा सोडा. आता ते पहिल्यापेक्षा खालच्या उंचीवर थांबेल. जास्तीचे भोवरे आत ढकलले गेले आणि तिथेच खिळले. ही दोन्ही उंची मोजून जर्नलमध्ये लिहा. क्वचितच कोणी लिहितं.

३. वडी पूर्ण गरम होऊ द्या. तिच्यावर चार मिलिमीटर जाडीची लाकडी चकती, त्यावर चुंबक ठेवा आणि मग थंड करा. चकती काढून घ्या. चुंबक तिथेच राहतं. बाजूला सरकवलं तर परत येतं, उचललं तर वडीला घेऊन येतं. क्षेत्र आत असतानाच वडी थंड झाली, भोवरे त्या क्षेत्राचा नकाशा धरून बसले, आणि आता त्यात बदल होऊ देत नाहीत.

४. गोल चुंबकाला टिचकी मारा. ते गरगर फिरतं. चौकोनी मात्र अडखळतं आणि परत फिरतं. गोल चकतीचं क्षेत्र आसाभोवती सारखंच असतं, त्यामुळे फिरताना भोवऱ्यांना हलावं लागत नाही.

५. शेवटी खरी माइसनरची कसोटी. सगळ्यात हलकं चुंबक गरम वडीवर थेट ठेवा आणि थंड करा. वडी चांगली असेल तर चुंबक आपणहून किंचित उचललं जातं. आदर्श वाहकाने हे कधीच केलं नसतं. उचल लहान असते, कारण बाहेर निघणारे बरेचसे भोवरे वाटेत खिळतात. पहिल्या चार पायऱ्यांत खिळण्याचा भाग मोठा होता. फक्त ही पाचवी पायरी १९३३ च्या प्रयोगाची आठवण करून देते.

दुसरा प्रयोग: क्रांतिक तापमान

वडीतून साधारण दहा मिलिमीटर लांब, तीन रुंद, दोन जाड अशी पट्टी काढा. तिचा रोध खोलीच्या तापमानालाही काही मिलिओहमच असतो, तर तारा आणि जोडांचा रोध त्याच्या शेकडो पट. म्हणून चार तारा: बाहेरच्या दोन धारेसाठी, आतल्या दोन व्होल्टेजसाठी. व्होल्टेजच्या तारांतून धारा जवळजवळ जात नाही, मग त्यांचा रोध आड येत नाही. चांदीची पेस्ट लावल्यावर रात्रभर सुकू द्या. सकाळी लावून दुपारी रीडिंग घेणाऱ्यांच्या तारा पहिल्याच बुडीत सुटतात.

पट्टी आणि पीटी-१०० एकाच लहान तांब्याच्या ठोकळ्यावर, पातळ कागद आणि थोडं ग्रीस मधे ठेवून, एकमेकांना खेटून बसवा. एका वर्षी आमच्या एका गटाचं क्रांतिक तापमान ८४ केल्विन आलं आणि मी दोन दिवस वडीला दोष देत होतो. दोष संवेदकाचा होता: तो ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला, द्रवाच्या बाजूला लावलेला होता.

संवेदक आधी द्रवात बुडवून तपासा. शून्य अंश सेल्सिअसला १०० ओहम, तर द्रव नायट्रोजनमध्ये २०.३ च्या आसपास यायला हवेत. पुण्यात असाल तर एक बारीक गोष्ट: समुद्रसपाटीला नायट्रोजन ७७.४ केल्विनला उकळतो, साडेपाचशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने तो सुमारे अर्ध्या केल्विनने खाली उकळतो. मुंबईकरांनी दुर्लक्ष केलं तरी चालेल.

ठोकळा हायलमच्या पट्टीला बांधून थर्मासात द्रवाच्या वर, वाफेत, हळूहळू उतरवा. खालपर्यंत थंड झाल्यावर सावकाश वर घेत गरम होताना रीडिंग घ्या. थंड करताना सहसा घाई होते आणि पट्टी व संवेदक यांत अंतर पडतं. ९५ ते ८५ केल्विनमध्ये मिनिटाला अर्ध्या केल्विनपेक्षा वेग नको. प्रत्येक रीडिंगला धारा उलटी करून पुन्हा वाचा आणि दोन्हींच्या फरकाचं निम्मं घ्या. तारांच्या जोडांवर तापमानातल्या फरकामुळे उगवणारे मायक्रोव्होल्ट असे वजा होतात. हे केलं नाही तर 'उणे रोध' मिळतो, आणि विद्यार्थी तो ग्राफवर काढतातही!

ग्राफमध्ये तीन गोष्टी पाहा. ३०० ते १०० केल्विनमध्ये रोध सरळ रेषेत उतरायला हवा. तापमान घटताना तो चढत असेल तर वडीत ऑक्सिजन कमी आहे. घसरण ९२ च्या जवळपास सुरू व्हावी. आणि रोध मीटरच्या मर्यादेखाली कुठे जातो ते वेगळं नोंदवा. पेस्ट-पट्टीच्या सेटअपमध्ये दोन-तीन केल्विन खाली आला तरी चिंता नको. जर्नलमध्ये 'शून्य' लिहू नका, 'अमुक मायक्रोओहमपेक्षा कमी' लिहा. मीटर शून्य सिद्ध करू शकत नाही. ते काम एमआरआय यंत्रातलं वेटोळं करतं: वीजपुरवठा काढून टाकल्यावरही त्यातली धारा वर्षानुवर्षं फिरत राहते.

तिसरा प्रयोग: तोच ग्राफ, चुंबकासह

पट्टीपासून ठरावीक अंतरावर चुंबक घट्ट बांधा, तिथलं क्षेत्र खोलीच्या तापमानाला गॉसमीटरने मोजा, आणि सगळं पुन्हा करा. क्रांतिक तापमान खाली सरकेल अशी अपेक्षा असते. तसं होत नाही. घसरणीची सुरुवात जवळजवळ तिथेच राहते आणि शेपूट लांबतं. रोध नाहीसा व्हायला आणखी काही केल्विन खाली जावं लागतं.

कारण पुन्हा भोवरे. धारा वाहते तेव्हा ती प्रत्येक भोवऱ्याला आडवं ढकलते. भोवरा हलला की व्होल्टेज उमटतं, म्हणजे रोध आला. कमी तापमानाला ते खिळलेले राहतात. वर गेलं की उष्णतेच्या धक्क्यांनी सुटतात. पदार्थ अजून अतिसंवाहकच असतो, पण रोधहीन नसतो. ही मधली अवस्था पाठ्यपुस्तकातल्या त्या सुबक उभ्या रेषेत दिसत नाही, म्हणून हा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. शिशाच्या पट्टीवर हाच प्रयोग केला, तर सुरुवातीला दिलेल्या क्रांतिक क्षेत्राच्या नियमाप्रमाणे संपूर्ण घसरणच खाली सरकेल. पण त्यासाठी हीलियम लागेल.

चौथा प्रयोग: किती धारा पेलते?

पट्टीला मधोमध खाच करून आडवा छेद एक चौरस मिलिमीटर करा. पट्टी थेट द्रवात बुडवून धारा वाढवत न्या आणि व्होल्टेज तपासा. व्होल्टेजच्या दोन तारांमध्ये एका सेंटिमीटरला एक मायक्रोव्होल्ट आला की ती क्रांतिक धारा समजायची प्रथा आहे. साध्या भाजलेल्या वडीत चौरस सेंटिमीटरला काही शे अँपिअर मिळतात, म्हणजे या खाचेतून काही अँपिअर. धारा दोन-तीन सेकंदच सोडा, नाहीतर चांदीचे जोड तापून खोटं उत्तर देतात.

याच पदार्थाच्या पातळ, एकसंध थरात ७७ केल्विनलाच चौरस सेंटिमीटरला दहा लाखांहून अधिक अँपिअर वाहतात. वडीत दाणे एकमेकांना जेमतेम चिकटलेले असतात, धारेला दाण्यांच्या सीमा ओलांडाव्या लागतात आणि तिथेच ती अडते. चुंबक जवळ नेऊन बघा: पाच-दहा मिलिटेस्लातही वडीची क्रांतिक धारा लक्षणीय उतरते.

मोठ्या चुंबकांत असा रोध अचानक उगवला तर महागात पडतं. १९ सप्टेंबर २००८ला सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या महाकाय त्वरकात दोन चुंबकांना जोडणाऱ्या सदोष सांध्यात रोध तयार झाला, ठिणगी पडली आणि सुमारे सहा टन हीलियम बोगद्यात उसळला.

पाचवा प्रयोग: बदलतं क्षेत्र

एनॅमल्ड तारेची शंभर-दीडशे वेढ्यांची दोन लहान वेटोळी घ्या, मधे वडी. एकात फंक्शन जनरेटरने एक किलोहर्ट्झचा सिग्नल, दुसऱ्यावर ऑसिलोस्कोप किंवा लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचाच बारीक सिग्नल वेचून मोजणारा ॲम्प्लिफायर). वडी थंड होताना दुसऱ्या वेटोळ्यातलं व्होल्टेज क्रांतिक तापमानाला पडतं, कारण वडी मधला चुंबकीय प्रवाह अडवते. तारा चिकटवायला नकोत, पेस्ट नको. उत्तर मात्र दुसऱ्या प्रयोगाशी जुळायला हवं. इथे पीटी-१०० वडीला खेटून लावा, पण तांब्याचा ठोकळा वापरू नका. थंड तांबंही एक किलोहर्ट्झला प्रवाह अडवतं, आणि आमच्याकडे एकदा तांब्याचाच 'अतिसंवाहक' सापडला होता. आधार हायलमचाच.

लॉक-इन असेल तर व्होल्टेजचा कलेबाहेरचा, म्हणजे पाव आवर्तनाने मागे-पुढे असलेला, भागही टिपा. घसरणीच्या जरा खाली त्याला एक उंचवटा येतो: भोवरे प्रत्येक आवर्तनात आतबाहेर करताना ऊर्जा खातात, त्याचा तो हिशेब. सिग्नल मोठा केला की उंचवटा कमी तापमानाकडे सरकतो.

म्हणजे शून्य रोध ही एकदिश धारेची गोष्ट आहे. बदलत्या क्षेत्रात थोडा तोटा होतोच, आणि वारंवारतेबरोबर तो वाढतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) रेषीय त्वरकात, म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्रात, १५० मेगाहर्ट्झच्या पोकळ्या तांब्याच्या आहेत, त्यांना आतून शिशाचा मुलामा आहे, आणि त्या द्रव हीलियमने थंड ठेवतात. तोटा राहतो, पण तांब्याच्या मानाने इतका थोडा की एवढी थंडी परवडते. त्याच संस्थेत १९९४ मध्ये इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता सापडली. पुढे तिथेच बिस्मथच्या स्फटिकात ती दिसली, ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली.

आवरताना

वडी द्रवातून काढली की तिच्यावर दव जमतं. वायबीसीओला पाणी सोसत नाही. महिन्याभरात पृष्ठभाग पांढरट होतो आणि पुढच्या बॅचला चुंबक बसकण मारतं. काढल्याबरोबर टिपकागदात गुंडाळा, हेअर ड्रायरच्या कोमट हवेत दहा मिनिटं वाळवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत ठेवा. पुड्या गुलाबी झाल्या की बदला. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दर पंधरा दिवसांनी डबी उघडून पाहा. चुंबकं वेगळ्या डबीत ठेवा, मधे जाड पुठ्ठा घालून. नाहीतर ती झेप घेऊन एकमेकांवर आपटतात आणि कपच्या उडतात.